दोन राज्यं, दोन परवाने

डेलावेअर नदीच्या एका काठाला फिलाडेल्फिया, म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्य. दुसऱ्या काठाला न्यू जर्सी. मी राहते न्यू जर्सीत आणि दातांची डॉक्टर म्हणून काम दोन्हीकडे करते. मधला पूल ओलांडायला काही मिनिटं पुरतात, पण पलीकडे जाऊन एखादी हलणारी दाढ काढायची म्हटली तरी त्या राज्याचा वेगळा परवाना लागतो. अमेरिकेत दंतवैद्याला परवानगी देणं हे केंद्र सरकारचं काम नाही, राज्याचं आहे. १८४१ साली अलाबामा राज्याने दंतवैद्यकावर पहिला कायदा केला, तेव्हापासून ही रीत चालत आली. प्रत्येक राज्याचं वेगळं मंडळ, वेगळे नियम, वेगळी फी.

मी बीडीएस नागपुरात केलं. इंटर्नशिप संपली, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे अर्ज केला आणि नोंदणी क्रमांक मिळाला. पदवी मिळाली की क्रमांक मिळणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. लग्नानंतर इकडे आल्यावर कळलं की इथे पदवी ही तीन अटींपैकी फक्त एक आहे. दुसरी राष्ट्रीय लेखी परीक्षा, तिसरी प्रत्यक्ष हाताच्या कामाची परीक्षा. त्यातही बहुतेक राज्यांना पदवी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजचीच लागते. म्हणजे परदेशी दंतवैद्याने इथल्या कॉलेजात दोन-अडीच वर्षं पुन्हा शिकायचं. तिथे प्रवेश मिळवण्यासाठी आधी लेखी परीक्षा, मग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून गुणपत्रकं मागवून त्यांचं मूल्यमापन करून घ्यायचं, टोफेल द्यायची आणि मुलाखतीच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी ‘बेंच टेस्ट’. प्लास्टिकच्या दातांवर क्राउनसाठी दात कोरून दाखवायचा, फिलिंग करून दाखवायचं. शेजारच्या टेबलावर कधी इजिप्तचा, कधी कोलंबियाचा डॉक्टर मान खाली घालून तेच करत असायचा. त्यातल्या कित्येकांनी मायदेशी वर्षानुवर्षं दवाखाना चालवलेला होता.

माझ्या वेळी लेखी परीक्षा दोन भागांत होती. पहिल्या भागात एका दिवसात चारशे प्रश्न, दुसऱ्या भागात दीड दिवसात पाचशे. २०२० पासून दोन्ही भागांऐवजी एकच परीक्षा आली, पाचशे प्रश्नांची, दोन दिवसांची. अभ्यास बराचसा ओळखीचाच होता. बदलावी लागली ती सवय. भारतात आपण दातांना क्रमांक देतो तो जबड्याचे चार भाग पाडून: खालची उजवी पहिली मोठी दाढ म्हणजे सेहेचाळीस. इथे एक ते बत्तीस सरळ मोजतात, आणि तीच दाढ तीस होते. अठरा क्रमांक आपल्याकडे वरची उजवी अक्कलदाढ. इथे तो खालची डावी दुसरी मोठी दाढ. इतकी वर्षं डोक्यात बसलेला आकडा चुकून तोंडातून गेला तर भलतीच दाढ निघायची. म्हणून कॉलेजात शिकताना मी आकड्याबरोबर दाताचं पूर्ण नावही लिहायला लागले. ही सवय पुढे फार कामाला आली.

सगळ्यात मोठी धाकधूक क्लिनिकल परीक्षेची. मुळांचं काम आणि क्राउन नकली दातांवर असायचं, पण फिलिंग आणि हिरड्यांची सफाई खऱ्या माणसांवर. तो रुग्ण आपणच शोधून आणायचा. कीड एक्स-रेत इनॅमलच्या आतल्या सीमेपर्यंत पोचलेली दिसली पाहिजे. त्याहून कमी असेल तर परीक्षक रुग्ण नाकारणार, फार खोल असेल तर काम हातचं जाण्याची भीती. शेजारच्या दाताला दात टेकलेला हवा. रक्तदाब ठरावीक मर्यादेत हवा. आणि एवढं सगळं जुळलेला माणूस शनिवारी सकाळी वेळेवर यायला हवा. मुलं महिनोन्‌महिने आधीपासून क्लिनिकमध्ये एक्स-रे चाळत असायची. रुग्णांना पैसे देणं, रात्रीची हॉटेलची खोली घेऊन देणं, पहाटे गाडी पाठवणं, सगळं चालायचं. परीक्षकांना आमची नावं माहीत नसत आणि आम्हाला परीक्षक दिसत नसत. रुग्ण एकटाच त्यांच्या खोलीत जायचा आणि आमच्या क्रमांकाची चिठ्ठी घेऊन परत यायचा. शंभरपैकी पंच्याहत्तरला उत्तीर्ण.

मी उत्तीर्ण झाले, पण ती पद्धत मला तेव्हाही पटली नव्हती. ज्या माणसाची कीड आज भरायला हवी, त्याला परीक्षेच्या तारखेपर्यंत थांबवून ठेवणं हे त्याच्या हिताचं कसं? असे प्रश्न खूप जण विचारत होते. न्यू यॉर्कने तर २००७ पासूनच ही परीक्षा बाजूला ठेवून वर्षभराच्या रेसिडेन्सीची अट घातली. मग कोविड आला, तोंडाजवळ तोंड नेणं बंद झालं आणि अनेक राज्यांनी झटपट नकली दातांवरची परीक्षा मान्य केली. त्या दातांत आता कीडसुद्धा घातलेली असते.

परीक्षा संपली तरी परवाना हातात यायला वेळ लागला. बोटांचे ठसे, गुन्ह्यांची तपासणी, राज्याच्या दंतवैद्यक कायद्याची माहिती. आणि महाराष्ट्राच्या परिषदेकडून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट: या व्यक्तीवर आमच्याकडे कसलीही कारवाई झालेली नाही, असं पत्र. ज्या नोंदणीकडे मी नागपुरात वळूनही पाहिलं नव्हतं, ती इथे माझी साक्षीदार झाली.

मिळवण्याचं असं एकदा संपतं, टिकवण्याचं संपत नाही. पेनसिल्व्हेनियाचा परवाना दर विषम वर्षी मार्चअखेर संपतो, न्यू जर्सीचा ऑक्टोबरअखेर. दर दोन वर्षांत एकीकडे तीस तास शिक्षण, दुसरीकडे चाळीस. विषम वर्ष आलं की आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा येतो. त्यात बालकांवरच्या अत्याचाराची लक्षणं ओळखण्याचा कोर्स असतो, कारण पेनसिल्व्हेनियात संशय आला तरी कळवणं दंतवैद्यावर कायद्याने बंधनकारक आहे. सीपीआरचं कार्ड वेगळं, नियंत्रित औषधं लिहिण्याचा केंद्राचा क्रमांक वेगळा. तो दर तीन वर्षांनी आणि प्रत्येक राज्याचा स्वतंत्र.

काही कोर्स नुसते बसून काढावे लागतात. पण वेदनाशामकांच्या कोर्सने माझ्या कामात खरोखर फरक पडला. मी काम सुरू केलं तेव्हा अक्कलदाढ काढली की अफूजन्य गोळ्यांची चिठ्ठी देणं सर्रास होतं. न्यू जर्सीने २०१७ मध्ये कायदा करून अशा पहिल्या चिठ्ठीवर पाच दिवसांची मर्यादा घातली. आता चिठ्ठी लिहिण्याआधी राज्याच्या यादीत रुग्णाचं नाव तपासावं लागतं. आयबुप्रोफेन आणि अॅसिटामिनोफेन ठरलेल्या वेळी बरोबर घेतल्या की बहुतेकांचं दुखणं आटोक्यात राहतं, हे मी आता रोज पाहते. अॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. म्हणजे नागपुरात जे देत होतो, त्याच्याच जवळ फिरून आले.

एकदा मंडळाचं पत्र आलं. एका बाईंची खालची अक्कलदाढ मी काढली होती आणि नंतर त्यांचा ओठ काही आठवडे बधीर राहिला. त्यांनी तक्रार केली. तसा त्यांना पूर्ण हक्क होता. मंडळाने सगळ्या नोंदी आणि माझं लेखी उत्तर मागवलं. विमा कंपनीच्या वकिलाने फोनवर पहिला प्रश्न विचारला: ‘‘नोंदी कशा आहेत?’’ हात कसा आहे, शिक्षण कुठलं, काही विचारलं नाही. एक्स-रेत मुळं मज्जातंतूच्या नळीजवळ दिसत होती, हे लिहिलेलं होतं. ओठ बधीर राहण्याचा धोका सांगितला, सर्जनकडे जाण्याचा पर्याय दिला, तो त्यांनी नाकारला, भूल किती दिली, दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा त्या काय म्हणाल्या, सगळं होतं. काही महिन्यांनी कारवाईची गरज नसल्याचं पत्र आलं. त्यांचा ओठही तोवर पूर्ववत झाला होता. त्या मधल्या महिन्यांत मला नीट झोप लागली नाही हे खरं. पण परवाना भिंतीवर असतो तो कागद, आणि तो टिकतो रोजच्या नोंदीत, हे तेव्हा पक्कं समजलं.

अलीकडे पुण्या-नाशिकहून भाचेमंडळी, त्यांच्या मैत्रिणी फोन करतात. किती वर्षं, किती डॉलर, कुठल्या राज्यात सोपं, असं विचारतात. राज्याराज्यांत परवाना चालावा यासाठी एक आंतरराज्य करार आकाराला येतोय, त्याबद्दलही विचारतात. मी माहीत असेल ते सांगते आणि वर एक काम देते: आज तपासलेल्या एका रुग्णाची नोंद मला लिहून दाखवा. बहुतेक जण दोन ओळी पाठवतात. त्या मी परत पाठवते.

मागच्या वर्षी आमच्या दवाखान्यातले ज्येष्ठ डॉक्टर निवृत्त झाले. परवाना निष्क्रिय करण्याचा अर्ज एका पानाचा होता. खरं काम वेगळंच होतं: प्रत्येक रुग्णाला कळवायचं की तुमची कागदपत्रं आता कुणाकडे राहतील आणि कशी मागायची. न्यू जर्सीत नोंदी शेवटच्या उपचारानंतर सात वर्षं सांभाळाव्या लागतात. त्यांचे बरेच रुग्ण माझ्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांचं त्यांनी अर्धवट ठेवलेलं रूट कॅनाल समोर आलं. त्यांची नोंद वाचली: किती मुळं, प्रत्येकाची लांबी मिलिमीटरमध्ये, आत कुठलं औषध ठेवलंय, पुढे काय करायचंय. त्यांना फोन करावाच लागला नाही. मी भूल दिली आणि त्यांनी जिथे थांबवलं होतं, तिथून काम पुढे सुरू केलं.