आंबट दही, मोजका खार

यीस्ट न वापरता घरी भाजलेल्या खाऱ्या चीज-पावाकडे बहुधा बेकरीतील पावाची घाईत केलेली नक्कल म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात या पावाचे गोत्र वेगळे असून मराठवाड्यातील स्वयंपाकघराला ते परके नाही. बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला, अहिल्यानगर जिल्ह्याला खेटून असलेल्या आष्टी तालुक्यात पाऊस बेताचा, शेती प्रामुख्याने ज्वारी-बाजरीची आणि तिच्या जोडीला दुधाचा धंदा, अशी घडी असल्यामुळे घरात पीठ, दूध, दही आणि ताक असतेच; नसते ती भट्टी आणि नसतो तो ओव्हन. तरीही जाडजूड पिठाचा गोळा चहूबाजूंनी लागणाऱ्या कोरड्या आचेवर भाजण्याची कला या भागात जुनी आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला रोडगा हे तिचे ठळक उदाहरण होय. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला जातो, आणि पैठणच्या एकनाथांनी भवानीला नवसात कबूल केलेला रोडगा थेट भारुडात नेऊन ठेवल्यामुळे हा पदार्थ न खाल्लेल्यांनाही तो नावाने ठाऊक असतो. रोडग्याला फुगवणारे मात्र त्यात काहीच नसते; भरडसर पीठ आणि तेला-तुपाचे मोहन एवढ्यावरच तो खुसखुशीत होतो. चीज-पाव आणि रोडगा यांतील खरे अंतर चीजमुळे पडलेले नाही, ते चिमूटभर खारामुळे पडलेले आहे.

यीस्ट म्हणजे साखरेवर जगणारी एकपेशीय बुरशी. ती पिठातील साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल तयार करते, आणि तो वायू चिवट पिठाच्या जाळ्यात अडकल्याने पाव फुगतो. पोर्तुगीजांनी गोव्यात पाव आणला तेव्हा हेच काम माडाच्या ताडीतील रानटी यीस्टकडून करून घेतले गेले, आणि ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीज ‘पाओं’वरून मराठीत आला. यीस्ट सजीव असल्यामुळे तिचे लाड पुरवावे लागतात. पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास ती खुशीत असते, थंडीत सुस्तावते आणि साठ अंशांच्या जवळपास मरते. पुडी फोडून ठेवल्यावर तिचा जोर हळूहळू ओसरतो, आणि तालुक्याच्या गावी ती हवी तेव्हा ताजी मिळेलच याची खात्री नसते. खाण्याचा सोडा मात्र कोणत्याही किराणा दुकानात मिळतो, कोरड्या बरणीत तो बराच काळ टिकतो, आणि तो निर्जीव असल्याने हवामानाविषयी त्याची तक्रार नसते.

खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हा सौम्य अल्कली आहे. आम्लाशी, म्हणजे आंबट पदार्थाशी, गाठ पडताच तो कार्बन डायऑक्साइड सोडतो. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस सोडा कारखान्यात बनवण्याची रीत निघाल्यावर तो स्वस्त झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडमधील गरीब घरांत ताक व सोडा घालून केलेला पाव रुजला, कारण तेथील मऊ, कमी चिकट गव्हाला यीस्टचा पाव मानवत नव्हता. १८४३ मध्ये इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञाने बेकिंग पावडर तयार केली, आणि तीही पत्नीला यीस्ट सोसत नसल्यामुळे, असे सांगितले जाते. महाराष्ट्राला मात्र खारासाठी आयर्लंडकडे पाहण्याची गरज नव्हती. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठी सोड्याचे क्षार आपोआप साठतात आणि पूर्वी ते गोळा करून विकले जात. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही लोणारच्या परिसरात काच व साबण यांचे साहित्य मिळत असल्याची नोंद आहे. साबणाचा हा उल्लेख पावाच्या संदर्भात वाटतो तितका अवांतर नाही, हे पुढे दिसेल.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पापडखार आणि खाण्याचा सोडा एकच समजून अनेक घरांत एकाच्या जागी दुसरा वापरला जातो. परंतु पापडखारात मुख्यतः सोडियम कार्बोनेट असते, जे अधिक तीव्र असून तेवढ्याच वायूसाठी सोड्याच्या दुप्पट आम्ल मागते. पापडाला तो योग्यच आहे, कारण तेथे पीठ चिवट आणि पापड हलका करणे हे त्याचे काम असते. पावात घातला तर पाव पिवळा, कडसर आणि तरीही बसका होतो.

या पावाच्या बहुतेक पाककृतींची खरी चूक दह्याच्या बाबतीत असते. ‘एक वाटी दही, एक चमचा सोडा’ असे प्रमाण छापताना दही किती आंबट आहे, हे कोणी विचारत नाही, आणि आष्टीसारख्या गावात तर तोच कळीचा प्रश्न आहे. कारण जानेवारीत रात्री विरजलेले दही सकाळी कसेबसे लागते आणि गोडसर असते, तर मे महिन्यात तेच दही दुपारपर्यंत दात आंबवते. दह्याचा आंबटपणा लॅक्टिक आम्लामुळे येतो. गोडसर दह्यात ते सुमारे ०.७ टक्के आणि चांगल्या आंबट दह्यात १ टक्का किंवा थोडे अधिक असते, म्हणजे २०० ग्रॅम दह्यात साधारण १.४ ते २ ग्रॅम आम्ल मिळते. रासायनिक हिशेबाने ९० ग्रॅम लॅक्टिक आम्लाला ८४ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणून इतक्या दह्याला १.३ ते १.९ ग्रॅम सोडा पुरे होतो. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात जवळपास ५ ग्रॅम सोडा मावतो हे लक्षात घेतले, तर थंडीत पाव चमचा आणि उन्हाळ्यात चमच्याचा तिसरा हिस्सा एवढीच त्याची खरी गरज आहे. अर्धा चमचाही जास्त होतो. एक चमचा ही तर उधळपट्टीच म्हणावी लागेल. हा सोडा थोडा वाटला, तरी दीड-पावणेदोन ग्रॅम सोड्यातून जवळपास अर्धा लिटर वायू निघतो, ही गोष्ट त्याच्या ताकदीची कल्पना देण्यास पुरेशी आहे.

उरलेला सोडा नाहीसा होत नाही. आचेवर त्याचे सोडियम कार्बोनेट होते, ते पिठातील तेला-तुपाशी संयोग पावते आणि जिभेवर साबणाची चव रेंगाळते. साबण बनवण्याची क्रिया मुळात स्निग्ध पदार्थ आणि अल्कली यांचीच असल्यामुळे ही चव निव्वळ भास नसते.

दह्याचा आंबटपणा मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, हळद पुरते. हळद आम्लात पिवळी राहते आणि अल्कलीत तांबूस-लाल होते; हळदीपासून कुंकू बनवण्याची परंपरागत रीत याच गुणावर आधारलेली आहे, आणि ढोकळ्यावर कधी कधी उमटणारे लाल ठिपके हाही त्याचाच पुरावा आहे, कारण सोडा नीट न मिसळता जेथे खडा राहतो तेथे पिठातील हळद लाल होते. म्हणून १०० ग्रॅम दह्यात थोडे पाणी व चिमूटभर हळद घालून, छोट्या चमच्याचा आठवा हिस्सा सोडा एका वेळी टाकत आणि फसफस पूर्ण शमू देत ढवळावे. ज्या क्षणी पिवळा रंग तांबूस झाला आणि तसाच टिकला, त्याच्या आधीच्या मापापाशी थांबावे. हे माप दुप्पट केले की २०० ग्रॅम दह्याचा सोडा हाती येतो. पावाच्या पिठातही पाव चमचा हळद घालणे हिताचे आहे, कारण पाव कापल्यावर त्यात लाल ठिपके दिसले, तर कोठे चुकले हे पावच सांगतो.

फुगण्याची सारी जबाबदारी दह्यावर टाकू नये म्हणून जोडीला बेकिंग पावडर घातली जाते. सोडा, त्याला पुरेल इतके कोरडे आम्लधर्मी क्षार आणि ओल शोषून घेणारे मक्याचे सत्त्व यांचे ते तयार मिश्रण असून, त्याचा हिशेब आतल्या आत जुळलेला असल्याने दही गोड की आंबट, याचा त्यावर परिणाम होत नाही. शिवाय बाजारातील बहुतेक बेकिंग पावडरी ओल लागताच एकदा आणि आच लागल्यावर पुन्हा एकदा वायू सोडतात.

पिठाच्या बाबतीत मराठी भाषा पाककृतीपेक्षा अधिक नेमकी आहे. भिजवणे, कालवणे, मळणे आणि तिंबणे या चार क्रिया तिने वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि या पावाला त्यांपैकी फक्त कालवणे चालते. गव्हातील प्रथिने पाण्यात भिजून एकमेकांत गुंतली की ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. पुरणपोळीची कणीक तिंबून तिंबून हेच जाळे लवचिक केले जाते आणि यीस्टच्या पावालाही ते हवे असते, कारण तेथे वायू तासन्‌तास अडवून धरायचा असतो. सोड्याचा वायू मात्र मिनिटांत निघतो आणि मिनिटांत निसटतो. त्याला चिवट जाळे नको, लगेच मिळणारी आच हवी. म्हणून पीठ पंधरा-वीस वेळा उलथून कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबला पाहिजे; गुठळ्या राहिल्या तरी बिघडत नाही, अधिक घोटले तर पाव रबरासारखा होतो. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे तिचा थोडा वाटा येथे उपकारकच ठरतो, तो पावाला ठिसूळपणा आणि किंचित गोडी देतो. मात्र तो पिठाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यापलीकडे गेला की काप भुगा होऊन ताटात पडतात.

चीजविषयी थोडे. ‘कष्टांचे चीज होणे’ यातील चीज फारसीतून आलेले आहे आणि त्याचा या चीजशी काही संबंध नाही, पण बाजारातील भाव पाहता तो असावा असे वाटते, कारण एक किलो पक्क्या चीजसाठी सुमारे दहा लिटर गाईचे दूध खर्ची पडते. पुणे जिल्ह्यातील मंचरसारख्या ठिकाणी चीजचे मोठे कारखाने उभे राहिल्यामुळे ते आज तालुक्याच्या दुकानांतही मिळते, आणि तेथे मिळते ते बहुधा प्रक्रिया केलेले चीज असते. त्यात सायट्रेट व फॉस्फेट क्षार मिसळून प्रथिने आणि स्निग्धांश एकजीव केलेले असल्याने ते तापल्यावर तेल न सोडता मऊ वितळते. पावासाठी हा गुण सोयीचा आहे. त्याऐवजी घरचे पनीर घालावे, हा नेहमीचा सल्ला अर्धाच खरा आहे. पनीर आम्लाने फाडलेले असते, त्या क्रियेत प्रथिनांना बांधणारे कॅल्शियम निघून जाते, आणि म्हणूनच ते कितीही तापवले तरी वितळत नाही. पावात ते चांगले लागते, पण कण कण होऊन राहते.

ब्राझीलमधील चीज-पाव या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. मिनास जेराइस प्रांतात प्रसिद्ध असलेल्या या लहान गोल पावात गहू नसतो, यीस्ट नसते आणि परंपरेने सोडाही नसतो. ज्या कसावाच्या कंदापासून भारतात साबुदाणा बनतो, त्याच कंदाचे सत्त्व, चीज, दूध व अंडी एवढ्यांतून तो केवळ वाफेच्या जोरावर फुगतो. त्याच्या पोर्तुगीज नावातील ‘पाओं’ आणि मराठी ‘पाव’ हे एकाच शब्दाचे दोन प्रवास आहेत.

आता प्रत्यक्ष कृती. १५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम कणीक आणि ४० ग्रॅम ज्वारीचे पीठ एकत्र करून त्यात दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, वर सांगितल्याप्रमाणे ठरवलेला सोडा, एक चमचा साखर, पाव चमचा हळद आणि अर्धा चमचा मीठ घालून हे सारे दोनदा चाळावे. मीठ कमी वाटले तरी चीज खारट असल्यामुळे ते पुरते. त्यात जिरे किंवा ओवा, वाटलेली हिरवी मिरची व लसूण, आणि १०० ग्रॅम चीज, निम्मे किसून व निम्मे बोराएवढे तुकडे करून, मिसळावे. किसलेले चीज पिठात विरघळून चव देते आणि तुकडे वितळून ओलसर पोकळ्या ठेवतात. २०० ग्रॅम दही, ८० मिलिलिटर दूध आणि ४० ग्रॅम तेल वेगळे फेटून पिठात ओतावे व कालवावे. मिश्रण भज्यांच्या पिठाहून घट्ट, चमच्यावरून थबकत पडणारे असावे. मेथी किंवा कांद्याची पात घालायची झाल्यास मूठभरच, आणि तीही पुसून कोरडी केलेली, कारण तिचे पाणी पाव आतून गचगचीत करते.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे पुरतात. नसेल तेथे जाड बुडाच्या कढईत किंवा पातेल्यात मिठाचा बोटभर थर पसरून, त्यावर तिवई ठेवून, घट्ट झाकणाखाली मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे भांडे तापवावे आणि मगच तूप लावलेला डबा आत ठेवावा. भांडे आधी तापवायचे आणि पीठ मागून कालवायचे, हा क्रम उलटला तर सोड्याचा वायू वाट पाहत नाही. कुकरची रिंग व शिटी काढून त्यातच पाव भाजण्याचा प्रघात मोठा आहे. परंतु पाण्याशिवाय तापवणे कुकरच्या धातूला सोसत नाही, तेव्हा जुनी कढई बरी. कढईतील पावाची खरी उणीव वरच्या बाजूला दिसते, ती फिकट राहते, कारण आच फक्त खालून लागते. रोडगा करणाऱ्यांनी हा प्रश्न वर-खाली निखारे लोटून केव्हाच सोडवला होता. गॅसवर त्याची जागा लोखंडी तव्याने घ्यावी, म्हणजे शेवटची दहा मिनिटे दुसऱ्या शेगडीवर लाल तापवलेला तवा कढईच्या सपाट झाकणावर ठेवावा, किंवा पाव शिजल्यावर डब्यातून काढून तव्यावर पालथा घालावा.

सुरी मधोमध खुपसल्यावर तिला ओले पीठ चिकटले नाही, म्हणजे पाव झाला. वितळलेले चीज चिकटले तर ते मोजू नये, दुसऱ्या जागी पाहावे. डब्याबाहेर काढून बुडावर टिचकी मारल्यास पोकळ आवाज येतो. पाऊण तास जाळीवर निवेपर्यंत तो कापू नये, कारण आतली वाफ अजून पीठ शिजवत असते आणि चीज गोठलेले नसते. गरम पाव कापला की सुरीमागून पिठूळ, चिकट धागे ओढले जातात. यीस्ट नसल्यामुळे हा पाव लवकर शिळा होतो. दुसऱ्या दिवशी त्याचे बोटभर जाड काप करून तव्यावर थोड्या तुपात भाजले, तर कापलेल्या कडेचे चीज तव्याला लागून करकरीत, तपकिरी जाळी धरते, आणि ती उलथन्याने खरवडून काढताना मिरचीचा ठेचा जवळ असावा.