जागा देणारा वादक

आपल्या गाण्यात ‘जागा घेणारे’ पुष्कळ. ‘जागा देणारे’ थोडे. या थोड्यांच्या पंक्तीत मी एका साहेबाला पाट मांडून बसवले आहे. त्याचे नाव क्रिस बार्बर.

वरातीच्या बँडमध्ये नळी पुढे-मागे सरकवीत वाजवायचे एक पितळी वाद्य कधी कधी दिसते ना, तेच ट्रॉम्बोन. बार्बर ते वाजवी. त्याचा जन्म इंग्लंडमधला, १९३० चा. जॅझ नव्या वाटांनी निघाले असता तिकडच्या काही तरुणांनी न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या बाजाचा ध्यास घेतला, त्यांतला हा एक. त्या बाजात ट्रम्पेट चाल धरतो, क्लॅरिनेट वर वेलबुट्टी काढते आणि ट्रॉम्बोन खालून आधार देतो. १९५४ साली बार्बर बँडचा म्होरक्या झाला. आधार देण्याची सवय मात्र सुटली नाही.

गंमत पाहा. त्याच वर्षी त्याच्या बँडमधल्या लॉनी डॉनेगन या बँजोवाल्याने गिटार घेऊन ‘रॉक आयलंड लाइन’ म्हटले. मागे डबल बास घेऊन उभा कोण, तर बार्बर! १९५६ साली ते गाणे गाजले आणि डॉनेगन बँड सोडून गेला. १९५९ साली ‘पेतित फ्लर’ गाजले, ते माँटी सनशाइनच्या क्लॅरिनेटमुळे. म्हणजे बँडच्या या दोन गाजलेल्या तबकड्यांत म्होरक्याचा ट्रॉम्बोन ऐकूच येत नाही! पुढे सनशाइनही गेला. पण पॅट हॅलकॉक्स हा ट्रम्पेटवाला १९५४ पासून २००८ पर्यंत बार्बरपाशी राहिला. जाणाऱ्याला वाट मोकळी असली, की राहणाऱ्यालाही घर आपले वाटत असावे.

१९५८ साली बार्बरने अमेरिकेतल्या मडी वॉटर्सला बोलावून आपल्या बँडबरोबर इंग्लंडभर फिरवले. त्याच्याच एका गाण्यावरून पुढे ‘रोलिंग स्टोन्स’ने आपले नाव घेतले. बार्बर २०१९ साली निवृत्त झाला, २०२१ साली गेला.

हे सारे आता आठवायला कारण आहे. माझा धाकटा मुलगा या पाडव्याला वेगळे बिऱ्हाड करतो आहे. भांडण नाही, तंटा नाही. तरी भावकी म्हणते, “तुम्ही घरातले कर्ते, अडवा त्याला.” रात्री मी ती डॉनेगनची तबकडी ऐकतो. गाणे सुसाट सुटते. खाली बास आपली लय सोडीत नाही.

माळ्यावरच्या दोन समया घासून ठेवल्या आहेत, धाकट्यासाठी. यंदा भाऊबीजेचा फराळ त्याच्याकडे. आम्ही सारे पाहुणे.