लइका हालत हे न?

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या बाबतीत नागपूरला. पण माझं हिमोग्लोबिन 9 वर आलेलं, तपासण्या इथे छत्तीसगडमध्ये, प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर 9 च्या मोठ्या दवाखान्यात चालू. आठव्यात प्रवास नको म्हणून शेवटी आईच सेक्टर 10 च्या आमच्या क्वार्टरमध्ये मुक्कामाला आली. त्याआधी सातव्यात शेजारच्या छत्तीसगढी काकींनी सधौरी केली होती. सात तऱ्हांचे पदार्थ त्या स्वतः घेऊन आल्या. आपल्या डोहाळजेवणासारखंच, फक्त फुलांची वाडी नाही.

मे महिना. कूलर रात्रभर घरघरायचा आणि मी तासातासाला बाथरूमला. आडवं झालं की जळजळ, पहाटे पोटरीत गोळे. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी मी रडले होते! कधी पोट दगडासारखं घट्ट व्हायचं, कूस बदलली की सैल. त्या खोट्या कळा. खऱ्या ठरावीक वेळाने येतात, वाढत जातात आणि कूस बदलून थांबत नाहीत.

काकी मात्र यातलं काही विचारत नसत. जिन्यात भेटल्या की एकच प्रश्न, "लइका हालत हे न, नोनी?" म्हणजे, बाळ हलतंय ना, पोरी?

पस्तिसाव्या आठवड्यात एका रात्री उत्तर देता येईना. नवरा रात्रपाळीला प्लांटमध्ये. आई म्हणाली, "आता जागा कमी पडते गं, म्हणून हलत नाही." मी काही खाल्लं, डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजत राहिले. दोन तासांत जेमतेम चार. शेजारच्या काकांनी गाडी काढली. दवाखान्यात पोटाला पट्टे बांधले आणि यंत्रातून घोडा दौडल्यासारखे ठोके ऐकू आले. ते नीट होते. बाळ हललंही. उगाच आले, म्हणून मी ओशाळले. डॉक्टर म्हणाल्या, "उगाच नाही. दिवस भरत आले तरी हालचाल कमी व्हायला नको. पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या." बीपी बघितलं, आणि डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज यांतलं काही झालं तरी लगेच यायला बजावलं.

मुलगी 39 व्या आठवड्यात झाली, 2 किलो 800 ग्रॅमची. तुमचंही पोट एखाद्या रात्री गप्प वाटलं, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका.