ठशांचे वाचन : जुन्या मोटारसायकलींच्या सुट्या भागांचा कालनिर्णय आणि छंदाची पुढची पिढी

मोटारसायकलीच्या आर. सी. बुकात उत्पादनाचे एकच वर्ष लिहिलेले असते, आणि ते फार तर ज्या चेसिसवर क्रमांक ठोकलेला आहे त्या चेसिसचे असते. चाळीस-पन्नास वर्षे रस्त्यावर राहिलेल्या गाडीतील कार्बोरेटर, डायनॅमो, स्पीडोमीटर, दिवा, टाकी आणि मडगार्ड यांची वर्षे निरनिराळी असू शकतात, किंबहुना भारतात ती बहुतेक वेळा निरनिराळीच असतात. सुट्या भागांचा कालनिर्णय, म्हणजे प्रत्येक भाग केव्हा तयार झाला आणि तो गाडीसोबत कारखान्यातून आला की मागाहून बसवला गेला हे ठरवण्याचे काम, या वस्तुस्थितीतून सुरू होते. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारांत, गॅरेजांत आणि हौशी मंडळींच्या पडव्यांत हे काम पाहताना आणि करताना प्रस्तुत लेखकाचे असे मत बनत गेले, की पुढच्या पिढीकडे सोपवावे असे या छंदाचे खरे धन गाड्यांपेक्षाही हे वाचनकौशल्य आहे, आणि गाड्या चकचकीत करण्याच्या घाईत नेमके तेच पुसले जात आहे.

ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत हे वाचन सर्वांत सुकर होते, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय लुकास या विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कंपनीला जाते, कारण तिच्या डायनॅमोच्या आणि मॅग्नेटोच्या अंगावर नमुन्याच्या नावाजवळ महिना आणि वर्ष यांचे बारीक आकडे पंच केलेले असतात. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीच्या मदतीवाचून ठिणगी निर्माण करणारे यंत्र. तो आणि डायनॅमो एकत्र जोडलेले असले की त्या जोडीला मॅगडायनो म्हणतात. बीएसए एम-२० ही ४९६ सीसीची साइड व्हॉल्व्ह गाडी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी लाखाहून अधिक संख्येने बनली आणि युद्धानंतर भारतातही ती नागरी हातांत आली. अशा एका गाडीचा मॅगडायनो पुण्यातील एका गॅरेजात बाकावर ठेवून, त्यावरची तेल आणि मातीची खपली रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने काढली जात असता, आधी कंपनीचे नाव, मग फिरण्याची दिशा दाखवणारा बाण आणि सरतेशेवटी डायनॅमोच्या कडेला ‘३ ५१’ एवढेच आकडे वर आले. चेसिसच्या क्रमांकाआधी ‘डब्ल्यूएम२०’ ही लष्करी गाडीची खूण स्पष्ट होती. म्हणजे चेसिस युद्धकाळातील आणि डायनॅमो मार्च १९५१ मधील. त्याच गाडीवर अमल कंपनीचा मोनोब्लॉक कार्बोरेटर होता. मोनोब्लॉक म्हणजे पेट्रोलची पातळी सांभाळणारी फ्लोटची वाटी आणि मुख्य नळी एकाच ओतकामात असलेला प्रकार. युद्धकाळातील अमल कार्बोरेटरला ही वाटी वेगळी, बाजूला जोडलेली असे. मोनोब्लॉक हा १९५५ च्या मॉडेलांपासून रुळला, तेव्हा तो या गाडीवर त्यानंतरच कधीतरी चढलेला असणार. एवढ्यावरून त्या गाडीतले हे दोन बदल कोणत्या काळाआधीचे नसणार हे, एकही कागद हाताशी नसताना, निश्चित झाले.

ठशावरचे वर्ष भाग बनल्याचे असते, बसवल्याचे नसते, आणि कारखान्यात भाग बनण्यात व तो गाडीवर लागण्यात काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे अंतर स्वाभाविकपणे पडते. त्यामुळे चेसिसच्या थोडे आधीचे वर्ष असलेला भाग मूळचा असण्याची शक्यता राहते, परंतु खात्री राहत नाही, कारण त्याच काळातील दुसऱ्या गाडीचा भागही तेथे येऊन बसू शकतो. चेसिसनंतरचे वर्ष असलेला भाग मात्र निःसंशय बदललेला असतो. म्हणजे हे शास्त्र ‘हा भाग मूळचा नाही’ हे ठामपणे सांगू शकते, ‘हा मूळचाच आहे’ हे तितक्या ठामपणे सांगू शकत नाही, आणि विक्रीच्या बोलीत हा भेद नेहमीच बाजूला पडतो.

जेथे ठसा नाही तेथे आटे, मुलामा आणि वायरी बोलतात. आटे म्हणजे बोल्टवरची फिरकीची धार. जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंचाला २६ आटे असलेली सायकल थ्रेड नावाची बारीक धार सर्रास आढळते, चेक बनावटीच्या जावात मिलिमीटरच्या मापाचे आटे असतात, आणि ब्रिटिश नटच्या अंगावर एकमेकांना चिकटलेल्या छोट्या वर्तुळांची ओळ दिसली तर ती दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीकारलेल्या युनिफाइड आट्यांची खूण असते. चकाकी निकेलची आहे की क्रोमची, यावरूनही एक ढोबळ रेषा आखता येते, कारण मोटारसायकलींवर क्रोमचा मुलामा १९२८-२९ च्या सुमारास येऊ लागला. सुती वेष्टणाची वायर आणि प्लास्टिकच्या वेष्टणाची वायर यांतही असाच काळाचा फरक आहे. यांपैकी एकेक खूण दुबळी असते. तीन-चार खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, तरच निर्णय करावा.

भारतीय गाड्यांकडे वळले की प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आणि, लेखकाच्या मते, अधिक रसाळ होतो. मद्रासमध्ये १९५५ साली एनफील्ड इंडिया उभी राहिली तेव्हा बुलेटचे भाग इंग्लंडमधील रेडिचहून येत आणि येथे जोडले जात. १९६२ पर्यंत सगळे भाग येथेच बनू लागले. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची वाटचालही १९६१ पासून अशीच झाली, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांवर चेकोस्लोव्हाकियातील जिकोव्ह कार्बोरेटर आणि पाल कंपनीचे विद्युत भाग सापडतात, आणि मग एकेक भाग देशी होत जातो. परदेशी भागाची जागा देशी भागाने घेण्याचा हा क्रमच कालनिर्णयाची मुख्य पट्टी ठरतो. जावाच्या बाबतीत चेसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक कारखान्यातून एकच येत असल्यामुळे मूळ जोडी टिकली आहे की नाही हे लगेच कळते. १९७३ पासून त्याच कारखान्याच्या गाड्या येझदी या नावाने येऊ लागल्या, आणि पुढे जावाला भाव आल्यावर येझदीच्या चेसिसवर जावाची टाकी व बिल्ला चढवलेल्या गाड्या बाजारात दिसू लागल्या. तेथे टाकीवरच्या नावापेक्षा चेसिसवरच्या क्रमांकावर अधिक विश्वास ठेवावा लागतो.

भागाहून त्याचे खोके कधी कधी जास्त बोलके असते, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथाऱ्यांवर जो माल मांडलेला असतो, त्यात एखाद्या वेळी मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यातले, कधीही न वापरलेले पॉइंट किंवा पिस्टन रिंग निघतात. खोक्यावरच्या पत्त्यात शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग असेल तर खोके बहुधा १९७२ पूर्वीचे, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. पिनकोड आहे आणि शहर ‘मद्रास’ आहे, तर ते १९७२ आणि १९९६ यांच्या दरम्यानचे. आणि पावतीवर किंमत ‘नये पैसे’ या शब्दांत लिहिलेली असेल तर १९५७ ते १९६४ एवढ्या अरुंद पट्ट्यात तिचा काळ येतो. दुकानदार असे फाटके खोके बहुधा फेकून देतो आणि आतला भाग पुसून चकचकीत करून पुढे ठेवतो. असे प्रत्येक खोके म्हणजे त्या भागाचा जन्मदाखलाच असतो, आणि तो डोळ्यांदेखत कचऱ्यात जाताना पाहणे क्लेशदायक आहे.

याहून मोठे नुकसान गॅरेजात होते. गाडी नव्यासारखी करण्यासाठी चेसिसवर पावडर कोटिंग करतात. त्यात रंगाची पूड भट्टीत भाजून तिचा दाट थर धातूवर बसवला जातो, आणि उथळ ठसे त्या थराखाली बुजतात. ॲल्युमिनियमच्या कव्हरांवर बफ मारला की साच्याच्या खुणा झिजून जातात, आणि मुलामा देण्याआधी पत्रा घासताना कंपनीची मोहोर नाहीशी होते. हे सर्व प्रेमापोटी घडते, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की भाग उघडल्यावर, घासण्यापूर्वी, त्याच्या प्रत्येक बाजूचे छायाचित्र काढणे आणि आकडे वहीत उतरवणे ही गॅरेजातली पहिली पायरी झाली पाहिजे.

कायद्यानेही आता या कामाला वजन आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षे टिकते, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ‘मूळ स्वरूप’ हे शब्द नियमात आले की मूळचे काय आणि मागाहूनचे काय हे सांगता येणारा माणूस लागतोच. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात जुन्या कारखान्यांच्या नोंदी जपलेल्या आहेत आणि त्यांच्या आधारे गाडीच्या वयाचे प्रमाणपत्र दिले जाते. मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आणि त्याच्या गाड्यांच्या मालकांना अशी सोय नाही. ते एकमेकांची आर. सी. बुके ताडून, चेसिस क्रमांकासमोर विक्रीची तारीख मांडून, स्वतःच याद्या तयार करतात.

आजवर हे ज्ञान मुख्यतः मिस्त्रींच्या बोटांत राहिले. ज्यांनी या गाड्या नव्या असताना उघडल्या ते मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत, त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली आहेत, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आल्यावर नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाल्यामुळे नव्या कारागिराला तो उघडण्याचा प्रसंगच क्वचित येतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या आणि वायसर लवकर खराब होतात, त्यामुळे मूळचे भाग वापरातून उतरवण्याचा वेगही वाढतो आहे. तरीही तरुणांना या छंदाचे आकर्षण नाही, ही वयस्करांची तक्रार लेखकाला पटत नाही. विशी-पंचविशीतील मुलांनी फोनच्या कॅमेऱ्याने ठशावर तिरपा प्रकाश पाडून, डोळ्यांना न दिसणारे आकडे वाचून दाखवल्याचे, आणि एका मिस्त्रीने सांगितलेला प्रत्येक फरक लगेच तक्त्यात भरल्याचे लेखकाने पाहिले आहे. वयस्करांना जे पाठ होते त्याची नोंद ठेवण्याची सवय या मुलांना आहे.

मात्र त्यांचे मन ज्या गाडीवर आहे ती एम-२० नाही. ती १९८५ ते १९९६ या काळातील यामाहा आरएक्स १०० आहे, किंवा राजदूत ३५०. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी दारावरून गेलेली गाडी जपते, यात गैर काही नाही; वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश क्लबनेही सुरुवातीला १९३० पर्यंतच्याच गाड्या स्वीकारल्या आणि पुढे ती मर्यादा सरकत सरकत २५ वर्षे वयाच्या कोणत्याही गाडीपर्यंत आणली. आपल्या नियमाप्रमाणे पहिल्या आरएक्स १०० ला पन्नाशी गाठायला २०३५ उजाडेल. तिच्या भागांवरचे ठसे वेगळ्या प्रकारचे आहेत : प्लास्टिकच्या आणि डायकास्ट भागांच्या आतल्या अंगास पुष्कळदा साच्यातच उमटलेले एक लहान वर्तुळ असते, त्याच्या कडेला १ ते १२ आकडे, मध्ये महिन्याकडे रोखलेला बाण आणि बाणाशेजारी वर्षाचे दोन आकडे. या गाड्या नव्या विकत घेणारे पहिले मालक आज हयात आहेत, त्यांच्या कपाटांत सर्व्हिस बुके आणि विक्रेत्याच्या पावत्या आहेत, आणि कोणता भाग केव्हा बदलला हे त्यांना आठवते. ती माहिती चेसिस क्रमांकांसह लिहून घेण्याचे काम काही ठिकाणी हाती घेतले गेले आहे, आणि त्यात पहिली ओळ भरणारे बहुतेक जण त्या गाडीहून वयाने लहान आहेत.