बाबांचा रंधा
जबलपूरला गढ्यातले सुतार ‘रंदा’ म्हणतात. आमच्या मराठी घरात तो रंधाच. पावसाळ्यात सागवानी दरवाजा फुगला की आईला ओढवत नाही. पण तो बाबांनी घडवलेला, बदलू देत नाही. मग मी त्यांचाच लाकडी रंधा काढतो.

तासणं पाच मिनिटांचं, वेळ जातो पात्याला. सागात सिलिका असते, तिने धार लवकर बोथटते. पात्याची तिरकी बाजू दगडावर २५ ते ३० अंशांत धरून घासायची. पाठीमागे बोटाला खरखर लागली की पातं उलटं करून अगदी सपाट टेकवायचं आणि ती खरखर काढायची. इथे पातं जरा उचललं गेलं तर पुन्हा पहिल्यापासून!

बसवल्यावर तळावरून बघायचं, धार केसाएवढीच दिसावी. जास्त निघाली तर रंध्याच्या मागच्या टोकावर हलकेच ठोकायचं, पातं आत सरकतं. मग पाचर घट्ट.

हावरेपणा मात्र नको. आत्ता जास्त तासलं तर मे महिन्यात त्याच फटीतून लू येते. कागदासारखे दोन-तीन पापुद्रे काढून उघड्या कडेला जवसाचं तेल चोळतो. ओल जरा कमी शिरते.