वारा कुठून आहे?

मस्तगडच्या गल्लीत 'आधी कोण?' हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं : 'मी!' रिक्षा, हातगाडी, दूधवाल्याची मोटारसायकल, सगळ्यांचं याबाबत एकमत आहे. ज्याचा हॉर्न मोठा त्याचा हक्क मोठा. मधोमध रवंथ करणाऱ्या म्हशीला हॉर्न नसतो, पण तिला त्याची गरजही नसते.

म्हणून शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत 'आधी कोण' याचे चक्क छापील नियम असतात, असं पुतणीनं सांगितलं तेव्हा मी सरसावून बसलो. वास्तविक आम्हां जालनेकरांचा समुद्राशी संबंध मिठापुरता. कुंडलिकेत होडी सोडायची तर आधी पाणी सोडावं लागेल! पण पुतणी मुंबईची, एन.सी.सी.च्या नौदल विभागातली. आपणही अगदीच कोरडे नाही हे दाखवायला मी म्हणालो, "1982 च्या एशियाडमध्ये दिल्लीला समुद्र नव्हता म्हणून शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं."

करंजिया म्हटल्याबरोबर सौ.ला दिवाळीच्या फराळाची आठवण झाली आणि ताट आलं.

"काका, या करंज्या म्हणजे होड्या," पुतणीनं ताट पुढं ओढलं. "हा बेसनाचा लाडू म्हणजे बोया, त्याला वळसा घालायचा. आणि टेबलफॅन म्हणजे वारा."

पहिला धक्का इथंच बसला. कोण मोठा, कुणाला घाई, हा प्रश्नच नाही. प्रश्न एकच : वारा कुठून आहे? डाव्या अंगानं वारा घेणारीनं उजव्या अंगानं वारा घेणारीला वाट द्यायची. दोघींचा वारा एकाच अंगाचा असला आणि मागेपुढे असल्या, तर मागचीनं पुढचीला सांभाळायचं. शेजारी-शेजारी असल्या, तर वाऱ्याकडचीनं पलीकडचीपासून दूर राहायचं.

"म्हणजे पंख्याजवळ बसलेल्यानं लांबच्याची काळजी घ्यायची," सौ. माझ्या खुर्चीकडे बघत म्हणाली. मी विषय बदलला.

दुसरी गंमत अशी, की हे नियम 'तुझा हक्क' अशा भाषेत बोलतच नाहीत. ते दुसऱ्याला सांगतात, 'तू दूर राहा.' ज्याच्यापासून दूर राहायचं तो हक्कदार, बस्स! आणि त्यानंही टक्कर टाळायचीच. समोरची होडी हटत नाही हे स्पष्ट होईपर्यंत त्यानं सरळ जावं, पुढं नाही. आमच्या रिक्षावाल्यांनाही ते स्पष्ट होतं, पण मडगार्ड लागल्यावर. शिवाय वळसे घेऊन नव्यानं हक्क मिळवलेल्या होडीनं आधी दुसरीला बाजूला व्हायला जागा द्यायची. नवीन मोटार घेतलेल्या आमच्या शेजाऱ्यांना हे वाचून दाखवलं पाहिजे.

"आणि पोलीस?"

"बहुतेक शर्यतींत मागोमाग पंच नसतो. तक्रार असेल तर हाक मारून सांगायची, सुनावणी किनाऱ्यावर. पण आपली चूक आपल्याला कळली, तर आपणच लगेच शिक्षा घ्यायची. दुसऱ्याची वाट अडवली तर जागच्या जागी दोन गिरक्या. बोयाला नुसता धक्का लागला तर एक. आणि गिरकी घेताना सगळ्यांना वाट द्यायची."

इथे पेपरामागून भाऊ बाहेर आला. त्याचं दुखणं नेमकं हेच होतं. गेल्या महिन्यातल्या शर्यतीत लेक दुसरी आहे असं पाहून त्यानं किनाऱ्यावरूनच मस्तगडला फोन लावला होता, आणि मी गल्लीत अकरा घरी पेढे वाटले होते. शेवटच्या बोयाशी होडीची मागची बाजू घासली. पोरीनं गिरकी घेतली. तेवढ्यात चार होड्या निघून गेल्या. सहावी!

"अगं, पण कुणी पाहिलं होतं का?" भाऊ म्हणाला. "मागच्यांची तोंडं शिडाआड. मी दुर्बीण लावून बसलो होतो, मलासुद्धा दिसलं नाही!"

"असं लागलं, बाबा." तिनं करंजी लाडवाजवळून फिरवली. शेपटाकडची बाजू लागून लाडवाचा एक कण ताटात पडला. मग तिनं ती करंजी तिथंच सावकाश पूर्ण फिरवली आणि चार करंज्या एकेक करून पुढं सरकवल्या. कुणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता.

भाऊ बराच वेळ ताटाकडे बघत राहिला. मग त्यानं शेवटची, सहावी करंजी उचलली.

"वहिनी, करंज्या छान झाल्यात हं," तो म्हणाला.