वर्गणी कोणी भरली?

'परदेशी मदतीने गावची लोकशाही बळकट होते का, यावर लिहा. पण तांत्रिक नको,' असं संपादकांनी बजावलं. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या सामाजिक बाजूवर आयुष्य काढलेल्या माणसाला ही अट जाचकच.

आधी एक गैरसमज. 'जागतिक बँकेचा फुकटचा पैसा' हे मी सरपंचांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय. महाराष्ट्रातल्या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या जलस्वराज्य प्रकल्पासाठी २००३ साली मंजूर झालेले सुमारे १८ कोटी डॉलर हे कर्ज होतं. व्याज नाममात्र, मुदत लांबलचक, पण फेडायचं आपणच. फुकटचा म्हटला की हिशेब मागावासा वाटत नाही, म्हणून माझी चिडचिड होते.

जलस्वराज्याची मांडणी मला आजही पटते. मागणीचा ठराव ग्रामसभेने करायचा. पैसा थेट ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या खात्यात. समितीत निम्म्या बायका, आणि खर्चावर नजर ठेवायला निराळी सामाजिक लेखापरीक्षण समिती. ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला मान दिला होता. इथे तिच्या ठरावामागे पैसा उभा राहिला.

आता १० टक्क्यांबद्दल. इथे मी लांबण लावणार, संपादकांनी कात्री चालवावी. योजनेच्या भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणीतून, ही अट उत्तर प्रदेशात १९९६ साली सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्याच कर्जावरच्या स्वजल प्रकल्पात होती. ग्रामीण पाणीपुरवठ्यातल्या १९९९च्या सुधारणांत केंद्राने ती उचलली, जलस्वराज्यात ती आली, आणि गावांतर्गत कामांपुरती आज जलजीवन मिशनमध्येही आहे. परदेशी पैसा गेला, अट राहिली.

अलीकडे मराठवाड्यातल्या एका गावात पाहणीला गेलो होतो. पावतीपुस्तक मागवलं. सगळ्या पावत्या एकाच हाताच्या, एकाच निळ्या शाईच्या, एकाच तारखेच्या. तारीख डिसेंबरातली. तेव्हा निम्मं गाव ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात होतं, तरी कुलूपबंद घरांचीही वर्गणी 'रोख जमा'. ग्रामसेवकाने आढेवेढे घेतले नाहीत. 'साहेब, ठेकेदारानंच भरली. नाहीतर हप्ता अडला असता.'

ठेकेदार खिशातून धर्म करत नाही. तीन फूट खोल जायचा पाइप दीड फुटावर पुरला की वर्गणी वसूल. हे विचारायचं कोणी? लेखापरीक्षण समितीतल्या बाईंच्या स्वतःच्या नावची पावती त्यानेच फाडलेली. वर्गणीतून खर्च किती निघतो हा मुद्दा गौण आहे; स्वतःचे पाचशे रुपये अडकलेला माणूस खड्ड्यात वाकून बघतो, एवढ्यासाठी मी या अटीची बाजू घेत आलो.

त्याच गावात एका मावशींना विचारलं, तुमची वर्गणी दुसऱ्याने भरली हे ठाऊक होतं का? 'भरली आसंल. पाणी येतंय न्हवं, दिसाआड?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसराही एक प्रश्न छळतो. पानशेत धरणासाठी पुणेकरांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन कोणी गेलं होतं का? मग टँकरवर दिवस काढणाऱ्यांकडूनच का? गझाला मन्सुरी आणि विजयेंद्र राव यांनी जागतिक बँकेसाठीच २०१३ साली जो अहवाल लिहिला, तोही सुखद नाही: वरून घडवून आणलेल्या सहभागाचा फायदा गावातल्या बऱ्या स्थितीतल्यांकडे झुकतो, आणि वरचं सरकार जाब देणारं असेल तिथेच खालचा सहभाग टिकतो. माझा धंदा ज्यावर चालला त्याचीच ही उलटतपासणी. मी ती वरचेवर वाचतो.

केरळने १९९६ साली लोकयोजना मोहीम काढून योजनेच्या रकमेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला. स्थानिक शासन बळकट करण्यासाठी जागतिक बँकेचं २० कोटी डॉलरचं कर्ज तिथे २०११ साली, म्हणजे मागाहून आलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या बैठकांत हे काढलं की 'केरळचं सोडा हो' असं म्हणून चहा मागवतात.

केरळ सोडू. वर्गणी मार्चअखेरच का हवी? अक्षय्यतृतीयेनंतर घ्या, तोवर ऊसतोडीला गेलेले कोयते परतलेले असतात आणि आगाऊ उचलीचा हिशेब मिटलेला असतो. दोन-तीन हप्त्यांत घ्या, पावती ज्याच्या त्याच्या हातात द्या. त्यासाठी निधीचं वेळापत्रक तीन-चार महिने पुढे सरकवावं लागतं. कर्ज देणाऱ्यांना ते खपत नाही, आणि घेणाऱ्यांना तर त्याहून नाही.